पुंजाजी वस्तादांची पांढरी

पुंजाजी वस्ताद अकोल्यात वारले आणि त्यांची तेरवी अमरावतीने घातली. जिवंतपणी ज्यांना या गावाने पाण्याला विचारले नाही, त्यांच्या नावाने बुंदीची पंगत उठली. तूप कापसाच्या आडतवाल्या शेठजींकडून आले होते. वांग्याची भाजी महादूने स्वतः उभे राहून करून घेतली. महादू म्हणजे वस्तादांचा पट्टशिष्य. आता त्याचे पोट सुटले आहे, बोटांत दोन अंगठ्या आहेत आणि चार पावले चालला की धाप लागते. जेवणे झाल्यावर तो उभा राहिला, उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "वस्ताद म्हंजे आमचे बापच होते जी. असा मानूस आता होने नाई." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी तरी त्यांच्या नावाने ओटा बांधायचे काढले. कुठे बांधायचा यावर मात्र जरा अडले, कारण वस्तादांचा आखाडा होता तिथे आता शेठजींची वखार आहे. शेवटी वखारीच्या मागची, नालीकाठची जागा सर्वांना पसंत पडली.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही उगीच नाही. मीही त्याच पंगतीत होतो. भाजी दोनदा मागून घेतली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी इतरांवर तोंड टाकू लागलो की वाचणाऱ्याने मला साधू समजू नये.

वस्ताद म्हटले की लोकांना पिळदार मिशा, रुंद छाती आणि मांडीवर थाप असे काही तरी दिसते. पुंजाजींकडे यातले काहीच नव्हते. बुटका बांधा, गुडघ्यांत बाहेर वाकलेले पाय, मिशा विरळ. अनोळखी माणसाला ते देवळात झाडलोट करणारे वाटत. मूळचे हिवरखेडचे, घर शेतकऱ्याचे. वाटणीची वेळ आली तेव्हा भावांना म्हणाले होते, "तुमी काळी सांभाळा, मी पांढरी सांभाळतो," आणि अंगावरच्या धोतरानिशी अमरावतीला निघून आले. त्यांचे लग्न झाले होते की नाही हे आम्हाला कधी कळले नाही. विचारायची कोणाची छाती झाली नाही. अकोल्याला एक थोरली विधवा बहीण आहे, एवढेच ठाऊक होते.

काळी म्हणजे वावराची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसते ती. आमच्या वऱ्हाडात काळीला तोटा नाही, पण तिच्यावर कुस्ती होत नाही. ओली झाली की पायाला मणभर चिकटते आणि वाळली की अशी भेगाळते की माणसाचा पाय आत जावा. म्हणून वस्ताद दरवर्षी होळी झाली की गाडी जुंपून चार कोसांवरच्या एका उजाड गावी जात. कधी काळी तिथे माणसे राहत होती, आता नुसती टेकाडे उरली आहेत. घरांच्या भिंती पावसाने विरघळून झालेली ती माती पिठासारखी मऊ. ती आणायची, जुन्या धोतराच्या कापडातून तीनदा चाळायची, मग ताक, तिळाचे तेल, लिंबू आणि कापूर घालून आठ दिवस मळायची. कोणी म्हटले की दुसरे वस्ताद हळदही घालतात, तर म्हणत, "हळद लग्नाले. इथं कोनाचं लगीन लागून राहिलं?" मग चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटत. "ताक कमी हाय." किंवा, "जमते." जमते हा त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा गौरव. माणसांच्या वाट्याला तो क्वचितच येई.

त्यांच्या आखाड्याचे दोन नियम होते. पहिला असा की नवा गडी आला की त्याने आपल्या गावची, आपल्या घराजवळची ओंजळभर पांढरी आणून हौदात, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यात, टाकायची. कुणबी असो, माळी असो, भटजींचा मुलगा असो, त्याची ओंजळ त्यात पडली आणि मिसळली की तो आखाड्याचा झाला. दुसरा नियम असा की हौदातली माती बाहेर न्यायची नाही. घामाला चिकटलेली सगळी माती हौदाच्या काठावर उभे राहून आतच झटकायची, पायांची बोटे सुद्धा. "थोडी थोडी आंगावर नेसान तं एक दिवस सारा आखाडाच घरी जाईन बे," असे ते सांगत.

मी पहिल्या दिवशी गेलो तो मोठ्या तोऱ्यात. आमचे गाव सहा कोसांवर, घरची चार बैलांची शेती, मी गावातला जोरकस गडी. कापडात बांधून माती नेली होती. वस्तादांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे असे पाहिले की माझा तोरा तिथेच उतरला.

"ही कुठली माती हाय?"

"आमच्या वावरातली जी. लय कसदार हाय. आमच्या घरची कापसाची पऱ्हाटी कमरेवर जाते."

"असं!" ते म्हणाले. "मले वाटलं तू कुस्ती शिकाले आला. तू तं पेरणीले आला लेका. इथं पऱ्हाटी लावाची हाय का मले?"

सगळा आखाडा हसला. महादू सर्वांत मोठ्याने. मला त्याच पावली परत पाठवले. सहा कोस गेलो, घरामागच्या भिंतीची पांढरी खणून आणली, सहा कोस परत आलो. तेव्हा पाय सुजले होते. वस्तादांनी माझे पाय मांडीवर घेतले आणि तेल लावायला बसले. माझ्या बापाने कधी माझ्या पायाला हात लावला नव्हता. मला रडू आले, आणि ते लपवायला मी विनाकारण खोकलो.

त्यांच्याकडे जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे अंग रगडून द्यायचे असे. उलटे कोणी केले तर ओरडत. "हरलेल्याचं आंग दुखते, जितलेल्याचं डोकं दुखते. डोक्याले तेल नाई माह्याजवळ." बैठका मोजलेल्या त्यांना खपत नसत. आणि आणखी एक खोड अशी की जोड रंगात आली की ते हौदाकडे पाठ फिरवून बसत. आपल्याच पठ्ठ्याची कुस्ती आणि वस्ताद भिंतीकडे तोंड करून! मी एकदा धीर करून विचारले. म्हणाले, "मी पाहून राहिलो असलो का तुमी मले दाखवाले लढता. मी पाठ फिरवली का सोतासाठी लढता. मले आवाजावरून समजते सारं." आणि समजतही असे. पट निघाला, ढाक बसली, असा एकेक डाव ते भिंतीकडे पाहून सांगत.

अकोल्याच्या जत्रेतली गोष्ट अमरावतीत अजून सांगतात, पण अर्धीच सांगतात. महादूची कुस्ती अकोल्याच्या एका नामी गड्याशी लागली होती. बराच वेळ झटापट झाली. वस्ताद नेहमीप्रमाणे पाठ करून बसलेले. एकदम धूळ उडाली, दोघेही पडले, आणि पंचांनी महादूचा हात वर केला. आम्ही अमरावतीकरांनी फेटे उडवले. तेवढ्यात वस्ताद उठून पंचांसमोर गेले.

"पाठ माह्या पोट्ट्याची लागली पयले. मी आयकलं."

पंच म्हणाले, "वस्ताद, तुमचं तोंड तं तिकडे होतं."

"म्हनूनच सांगून राहिलो. धूळ तुमच्या डोळ्यात गेली, माह्या कानात नाई गेली." मग महादूकडे वळून विचारले, "सांग बे, लागली का नाई?"

महादूने मान खाली घातली. वस्तादांनी त्याच्या डोक्यावरचा मानाचा फेटा काढला आणि अकोल्याच्या गड्याच्या हातात दिला. आमच्या बैलगाडीत परतीच्या वाटेवर कोणी त्यांच्याशी बोलले नाही. मीही नाही. त्यांनी मूर्तिजापूरला उतरून महादूला पेढे घेऊन दिले आणि वाटभर त्याचे खांदे रगडत बसले. गावात ही गोष्ट सांगतात ती वस्तादांचे कान किती तिखट होते याची म्हणून. खरे बोलायला किती छाती लागते, ही बाजू कोणी सांगत नाही.

पुढे अमेरिकेत भाऊबंदांची लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. भाव असे चढले की म्हाताऱ्यांनाही खोटे वाटावे. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या, ज्यांनी ज्वारीखेरीज काही पेरले नव्हते त्यांनी परसातही सरकी टोचली. अमरावतीच्या परकोटाबाहेर रुईचे ढीग पडू लागले. त्या ढिगांच्या गासड्या बांधायला माणसे कमी पडू लागली आणि शेठजींना आखाड्याची वाट सापडली.

गासडी कशी भरतात ते सांगतो. माणसाहून उंच गोणपाटाचा बोरा लाकडी चौकटीला टांगतात. एक गडी आत उतरतो. वरून रुई टाकत जायची आणि आतल्याने ती पायांनी तुडवत जायची. बोरा भरत येतो तसा गडी वर वर येतो. ज्याच्या पायांत बळ, त्याची गासडी घट्ट. शेठजी आमच्या आखाड्यात आले ते कुस्ती पाहायला नव्हे, पोटऱ्या पाहायला. बाजारात बैल पाहावा तसे पाहिले. महादू निवडला, मला निवडले, आणखी दहा जण निवडले. जे पाय वस्तादांनी तेल लावून घडवले ते रुई तुडवायला गेले.

वस्ताद रागावतील असे आम्हाला वाटले होते. ते नुसते म्हणाले, "जा. पोट हाय तं सारं हाय. सांजच्याले मातर येजा." आम्ही सांजच्याला येतो म्हणालो. चार-आठ दिवस गेलोही. मग पाय दुखायचे, मग कंटाळा यायचा, मग हातात नव्या पैशाची मजा आली आणि आखाडा दूर वाटू लागला. एक दिवस भर दुपारी वस्ताद स्वतःच वखारीत आले. मी बोऱ्याच्या मध्यावर होतो, नाकातोंडात रुई. त्यांनी वर पाहून हाक मारली, "किसन्या, तोंड मीट! नाकानं दम घे. फडकं बांध तोंडाले. अन् टाच पयले नोको टेकवू, गुडघा जाईन." मग एकेका बोऱ्याखाली जाऊन त्यांनी सगळ्यांना तेच सांगितले. आखाडा सोडून गेलेल्या पोरांना ते रुई कशी तुडवावी हे शिकवत होते. शेठजींचा दिवाणजी हसत होता, आणि त्याच्याबरोबर आमच्यातलेही दोघे-चौघे हसले. त्या हसण्यात मी होतो की नाही हे मला आठवत नाही, म्हणजे बहुधा होतो.

त्या दिवसांत गासडीत वजनाला थोडी माती सगळेच टाकत. मग सरकारने कापूस तपासायला माणसे नेमली आणि काळ्या मातीचे डाग पकडले जाऊ लागले. शेठजी एका सकाळी आमच्यात येऊन बसले, पान पुढे केले आणि सहज म्हणाले, "काळी दिसते रे. पांढरी पाहिजे. बारीक, चाळलेली. रुईत रुई होऊन गेली पाहिजे." महादूने माझ्याकडे पाहिले. मी महादूकडे पाहिले. कोणाला काही बोलायची गरज पडली नाही.

वस्ताद त्या आठवड्यात अकोल्याला गेले होते. बहीण तापाने पडली होती. मी महादूला अडवले असे लिहायचा फार मोह होतो. अडवले नाही. एवढेच म्हणालो, "वस्ताद आल्यावर काय सांगाचं?"

"अबे, होळी झाली का नवी आनतेच ते," महादू म्हणाला. "जुनी तं तशीबी जुनी झाली. अन् आपलीच तं माती हाय. आपनच तं आनली ओंजळी-ओंजळीनं."

ते खरे होते. तीत त्याची ओंजळ होती, माझी होती, आम्हा बारा जणांची होती. असे म्हटले की सोपे गेले. दोन दुपारी आम्ही हौद उपसला. वावरातली काळी आणून तळाला भरली आणि वर चार बोटे पांढरी पसरली. वरून पाहता काही कळत नव्हते. ज्या माणसाने मला काळी माती आणली म्हणून बारा कोस चालवले होते, त्याला ते कळणार नाही असे मी कसे मानले, देव जाणे. लोभ डोळ्यांवर नाही, अकलेवर बसतो.

ते परत आले त्या संध्याकाळी मी मुद्दाम आखाड्यावर गेलो. त्यांनी हौदाला हात लावून नमस्कार केला, आत उतरले आणि दुसऱ्या पावलाला थांबले. खाली बसले. बोटांनी खणले. काळी वर आली. ती त्यांनी मुठीत घेतली. मग माझ्याकडे पाहून विचारले, "यावर कोनी लढलं तं नाई? कोनाले लागलं-गिगलं तं नाई?"

"नाई जी," मी म्हणालो.

"मंग बरं हाय." आणि टोपले घेऊन ते काळी माती बाहेर काढायला लागले. एकटेच. मदतीला हात घातला तर कबूल केल्यासारखे झाले असते, म्हणून मी काम आहे सांगून निघालो.

पंधरा-वीस दिवसांनी अकोल्याच्या बाजारात शेठजींच्या गासड्या उघडल्या गेल्या. आत पांढरी निघाली. रंगावरून कोणी पकडली नसती, पण उन्हात गासडी फुटताच कापराचा आणि तेलाचा वास सुटला. तिथला मापाडी कुस्तीचा नादी. तो म्हणाला, ही तर आखाड्याची माती. आणि कापूर घालणारा आखाडा अख्ख्या वऱ्हाडात एकच होता.

चावडीत तहसीलदार बसले होते, बाजूला कापूस तपासणारा साहेब. शेठजी खुर्चीवर. आम्ही बाराही जण भिंतीशी उभे. शेठजी शांतपणे म्हणाले, "माती पुंजाजीच्या आखाड्यातली, साऱ्या गावाला ठाऊक आहे. माझ्या वखारीत ती कशी आली ते पुंजाजीलाच विचारा." तहसीलदारांनी कागदातली माती वस्तादांपुढे धरली. त्यांनी चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"हाव. माहीच हाय."

"वखारीत कोणी नेली?"

वस्तादांनी एकदाही आमच्याकडे पाहिले नाही. ते हळूहळू वळले आणि आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून खाली बसले. साहेब चिडला, शिपाई उठवायला पुढे झाला, पण तहसीलदारांनी थांबवले. त्यांना वाटले म्हातारा आठवतो आहे. ते काय करत होते हे त्या चावडीत फक्त आम्हा बारा जणांना ठाऊक होते. ते ऐकत होते.

इतके शांत होते की बाहेर बांधलेले बैल रवंथ करत होते ते ऐकू येत होते. एक शब्द पुरला असता. महादू पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. माझे म्हणाल तर मला बहिणीचे लग्न आठवले, बापाचे तोंड आठवले, कोठडी आठवली. पण ही सगळी कारणे मी नंतर जमवलेली आहेत. त्या वेळी मला फक्त भीती वाटली होती. मी तोंड उघडले होते असे आजही कधी कधी वाटते. उघडले असेल. आवाज निघाला नाही.

बऱ्याच वेळाने वस्ताद उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या थकलेल्या बाईसारखे. म्हणाले, "आखाड्याची माती बाहेर गेली तं जबाबदारी वस्तादाची. मीच समजा."

त्यांना तीन आठवडे कोठडी झाली. आखाड्याची जागा सरकारी पडीक होती, ती काढून घेतली आणि पुढे वखारीसाठी शेठजींनाच मिळाली. शेठजींना ताकीद मिळाली. गावाने वस्तादांना मातीचोर म्हटले. ज्यांची मुले त्यांनी घडवली त्या घरांतल्या बायाही पदर तोंडाला लावून तेच म्हणाल्या, आणि आमच्या आयांना आम्ही काही सांगितले नाही. कोठडीतून सुटले त्या दिवशी त्यांना घ्यायला कोणी गेले नाही. ते थेट आखाड्यावर आले, हौदाच्या काठावर उभे राहून दोन्ही पाय आत झटकले आणि अकोल्याच्या वाटेला लागले. हे मला एका शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितले. तो म्हणाला, "पायाले काईच लागेल नव्हतं त्याच्या, तरी झटकून राहिला होता."

लढाई संपली, भाव कोसळले, शेठजींना पोटऱ्यांची गरज उरली नाही. महादूने तोवर शेठजींशी सूत जमवून वखारीचा ठेका घेतला होता. मी गावी परतलो. मला खोकला जडला होता, तो अजून आहे. आगगाडी सुरू झाली त्या वर्षी मी बडनेऱ्याहून अकोल्याला गेलो. वाटभर एकच वाक्य घोकत होतो. वस्ताद, माती आमी नेली होती, अन् चावडीत मी मुका राह्यलो. एवढेच बोलायचे, पायांवर डोके ठेवायचे, आणि मग त्यांनी थुंकले तरी चालेल असे ठरवले होते.

मोर्णा नदीच्या काठाला दोन खोल्यांचे घर होते. वस्ताद अंगणात बाजेवर बसून अंबाडीची भाजी निवडत होते. अंगाने निम्मे झाले होते. मला पाहून त्यांनी हाक मारली, "किसन्या हाय का बे?" आणि असे हसले की मला माझे वाक्य सुरूच करता येईना. गुडघा कसा आहे विचारले. मी खोकलो तर म्हणाले, "तुले सांगतलं होतं नं, फडकं बांध." मग जरा वेळ भाजी निवडत राहिले.

"किसन्या, एक गोष्ट इचारतो. खरं सांगजो."

"इचारा जी."

"त्या दिशी चावडीत लय गलका होता नं?"

मी टोपलीतून अंबाडीची एक काडी उचलली.

"मी बाईले तेच सांगतो," आत बहिणीकडे मान करून ते म्हणाले. "माहं तोंड भिंतीकडे, अन् गलका इतका. पन कोनीतरी बोललं होतं. मले आवाज आला होता. कोनाचा ते उमजलं नाई. बाई म्हनते कोनी बोललं नाई. मी म्हनतो, बारा पोट्टे होते माहे, एकबी नाई बोलला, असं होईन का?" त्यांचा हात भाजीवर थांबला होता. "तूच बोलला होता नं?"

वाक्य माझ्या जिभेवर होते. अख्खे होते, एक शब्दही सांडला नव्हता. मी म्हणालो, "हाव वस्ताद. मी बोललो होतो."

त्यांनी भाजीची टोपली बाजेवर ठेवली आणि आत वळून ओरडले, "बाई! अव बाई! आयकलं का? हा बोलला होता! मी म्हनत नव्हतो?"

बहीण दारात आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाली, "हातपाय धुवा भाऊ. भाकर झाली हाय." तिने मला वाढले, दोनदा विचारून वाढले, आणि पुन्हा एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. मी जेवलो.

निघालो तेव्हा मी नको नको म्हणत असताना वस्ताद माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आले. वाटेत भेटेल त्याला थांबवत होते. शिंप्याला थांबवले, पाणी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला थांबवले. "हा माह्या आखाड्यातला. चावडीत सायबासमोर बोलला होता हा." मी प्रत्येकाला हात जोडले. वळणावर मी एकदा मागे पाहिले. ते डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेल्या एका बाईला उन्हात उभे करून, माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते. भाऱ्याखालून मान वाकडी करून ती माझ्याकडे कौतुकाने पाहत राहिली, आणि मी तिलाही हात जोडले.